दाताच्या चित्रातली घडी

"दात येत नाही गं, तो तिथं असतोच, आपल्याला उशिरा दिसतो, एवढंच," असं सुमेधा रामटेके एकदा म्हणाल्या होत्या.

म्हणाल्या त्या भलत्याच कुणाला. अमेरिकेत, पिस्कॅटवेत एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन भीमजयंतीचं जेवण चाललं होतं, आणि एका तरुण आईला तिच्या वर्षाच्या बाळाच्या बोळक्याची काळजी लागली होती. सुमेधाबाईंनी त्याच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि हे वाक्य म्हटलं. शिवांगी मागेच कागदी प्लेट सांभाळत उभी होती. वाक्य कानावर पडलं आणि समोरच्या वरणभाताचा वास जाऊन तिला तिच्या कॉलेजच्या लॅबचा वास आला: फॉर्मॅलिन, ओलं लाकूड आणि कुणीतरी लपवून आणलेला पेरू.

"मावशी, तुम्ही डेंटिस्ट आहात का?" तिनं विचारलं.

"होते. आता उंदरांचे जबडे कापते."

शिवांगीचा चेहरा बघून त्या हसल्या. जवळच्या युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये त्या कामाला होत्या. उंदराच्या पोटातल्या पिलांचे दात कसे घडतात यावर तिथं संशोधन चालायचं. ते इवलेसे जबडे मेणात बसवून, त्याचे केसाहून पातळ काप काढून ते काचेवर चढवायचं काम सुमेधाबाईंचं. बोलता बोलता कळलं की विदर्भातल्या ज्या डेंटल कॉलेजात शिवांगी शिकली, तिथंच त्याही शिकल्या होत्या, बऱ्याच वर्षांपूर्वी. तिथून पुढे शिवांगीच्या तोंडी मावशीचं 'मॅडम' झालं.

शिवांगीला अशा माणसाची गरज होती. तिचा नवरा अनीश आयटीत होता. त्याच्या मागे ती अवलंबितांच्या व्हिसावर आली, आणि तिची डिग्री विमानातून उतरल्याबरोबर कागद होऊन गेली. इथं दाताला हात लावायचा तर परदेशी डेंटिस्टांसाठीच्या कोर्सला पुन्हा प्रवेश मिळवायचा. दोन कॉलेजांनी तिला इंटरव्ह्यूला बोलावून नकार दिला होता. आता तिसऱ्यानं बोलावलं होतं. अनीश माणूस वाईट नव्हता, पण तोही थकला होता. "हे शेवटचं बघू यार," तो म्हणाला होता. "नाही झालं तर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. हिमानीनं केला, लगेच जॉब लागला तिला." हिमानी ही त्याच्या मित्राची बायको; तीही कधीकाळी डेंटिस्ट होती. आता ती दातांबद्दल बोलतही नसे.

तेव्हा शनिवारी दुपारी मॅडमच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. गॅसवर दूध ठेवलेलं असे, आणि मॅडमचा एक डोळा कायम त्या दुधावर असे. उतू गेलेलं दूध त्यांच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्यांची रीत अशी, की आधी बोलायचं, मग काढायचं.

"सहावा आठवडा. गर्भ केवढा?"

"वालाच्या दाण्याएवढा."

"तोंड?"

"नुसती फट."

"फटीच्या काठाला काय?"

"पट्टा. वरचा थर जाड होत जातो. त्या पट्ट्यावर पुढे कळ्या फुटतात. वर दहा, खाली दहा. कळीची टोपी होते, टोपीची घंटा. त्या घंटेच्या पोटात दाताचा आकार ठरतो."

"कोण कुणाला सांगतं?"

"आधी वरचा थर खालच्याला सांगतो, की इथं दात. मग खालचा शिकतो, आणि तोच वरच्याला सांगायला लागतो, की दाढ कर, सुळा कर."

"चांगलं जोडपं आहे," सुमेधाबाईंचे यजमान संजीवकाका बाहेरून ओरडत. त्यांचं ऑफिस बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर होतं आणि कान स्वयंपाकघरात. "आमच्याकडे तर वरचा थर अजून सांगूनच राहिलाय."

"तुम्ही तुमचा कॉल घ्या," मॅडम म्हणत. मग शिवांगीला, "पुढे. पहिलं कोण टाकतं?"

"खालचा. तो आतलं डेंटिन टाकतो. ते पडलं की मग वरचा त्यावर एनॅमल चढवतो."

"आणि ज्या पेशी एनॅमल करतात त्या?"

"दात बाहेर येतो तेव्हा त्या राहिलेल्या नसतात. झडून गेलेल्या असतात."

मॅडम मान हलवत आणि दुधाखालची आच कमी करत.

कधी कधी त्या स्वतःचं सांगत. मुलगी पोटात असताना त्या नागपूरहून निघाल्या होत्या. आठवडे मोजत असत: आज पट्टा, आज कळ्या. चौथ्या महिन्यात विमानात बसल्या, तोवर पोरीच्या दुधाच्या दातांचे आकार ठरत आले होते आणि त्यात चुना भरायला नुकती सुरुवात झाली होती. "आन्याचे दुधाचे दात म्हणजे घडण नागपूरची, चुना अमेरिकेचा," त्या म्हणत. आन्या आता हर्नडनला नोकरी करते. फोनवर हे ऐकलं की "मॉम, दॅट्स सो वीअर्ड," म्हणते. त्या दातांवर आईनं मराठीत किती बोलणं खर्ची घातलं, ते दात पडून गेल्यावर कुणाला आठवणार.

सगळ्या शिकवणीत मॅडमनी पेन्सिलला हात लावला नव्हता, हे शिवांगीच्या खूप उशिरा लक्षात आलं. चुकलं तर त्या तोंडानं सांगत. "आतली ओळ उंच कर. पोटातल्या चांदणीसारख्या पेशी, ते तारे, विरळ काढ." पेन्सिली मात्र त्यांच्याच होत्या: एका टोकाला गुलाबी, दुसऱ्या टोकाला जांभळी, डेंटलच्या पोरांना भारतात कॉलेजबाहेरच्या दुकानात मिळते तीच. गावाहून कुणी येणार असलं, की लोक लोणचं आणि गोडा मसाला मागवतात. सुमेधाबाई या दुरंगी पेन्सिली मागवत. कशासाठी, हे संजीवकाकांनाही सांगता आलं नसतं. शिवांगी येईपर्यंत त्या डब्यात न तासलेल्या पडून होत्या.

मग घंटेच्या अवस्थेचं चित्र काढायचा शनिवार आला.

शिवांगीला हे चित्र झोपेतही आलं असतं. तिनं जांभळ्या टोकानं घंटेची कड काढली, पोटातले तारे टिंबले. मग सवयीनं कागद आडवा फिरवून घंटेच्या खालच्या भागात बारीक तिरप्या रेघांची छटा भरली. कागद पुन्हा सरळ केला, आणि घंटेच्या डाव्या खांद्यापासून एक वाकडी दुहेरी रेघ ओढली: ताऱ्यांमधून, आतल्या ओळीतून, थेट खालच्या भागात.

मॅडम दुधाकडे बघत होत्या. वळल्या, आणि कागदाकडे बघत राहिल्या.

"ही काय काढलीस?"

"दोरी. एनॅमल कॉर्ड."

"कॉर्ड घंटेच्या पोटातच संपते. तुझी तर खाली उतरलीय."

"आमच्याकडे अशीच काढतात, मॅडम. लॅबच्या दाराशी, कूलरच्या वर, फ्रेम आहे ना? तुमच्या वेळी नव्हती का? सरांनी काढलेलं घंटेचं चित्र. इतकं सुंदर आहे ते! त्याच्यावरूनच सगळे शिकतात. ज्याची दोरी चुकली त्याचे मार्क गेले."

"कुठल्या सरांनी?"

"जुने एचओडी. ते गेले रिटायर होऊन. त्यांचंच चित्र म्हणतात सगळे. खाली नावबिव नाही."

"आणि कागद का फिरवलास?"

शिवांगीला हसू आलं. "त्याशिवाय त्या रेघा येतच नाहीत! त्या चित्रात रेघा उलट्या पडल्यात. आपल्या हाताला नाही जमत. मग सीनिअर शिकवतात, की छटा भरताना कागद फिरवा. आख्खी बॅच एकदम कागद फिरवते. एक्स्टर्नल एकदा म्हणाले, अरे, ही परीक्षा आहे की कवायत?"

मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.

"ती दोरी नाही, शिवांगी. ती घडी आहे. काप काचेवर घेताना चुरगळला की अशी घडी पडते. कॉलेजात घंटेची एकच बरी स्लाइड होती. त्यात ती घडी होती."

"मग चित्रात कशी आली?"

"काढणाऱ्याला दिसली म्हणून."

शिवांगीनं त्या रेघेवर बोट ठेवलं. तिला पहिला इंटरव्ह्यू आठवला. तिथंही घंटेचं चित्र काढायला सांगितलं होतं, आणि परीक्षक बाईंनी त्या रेघेवर पेन टेकवून विचारलं होतं, हे काय. तिनं छाती पुढे काढून सांगितलं होतं, एनॅमल कॉर्ड. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं होतं. दुसऱ्या ठिकाणीही तिनं स्वतःहून तेच चित्र काढून दाखवलं होतं, आपलं सगळ्यात चांगलं म्हणून.

"म्हणजे एका चुरगळलेल्या स्लाइडसाठी माझे दोन इंटरव्ह्यू गेले?" तिचा आवाज चढला. "कोण होता तो काढणारा? त्याला अक्कल नव्हती का? मशिनसारखं दिसेल ते उतरवायचं? आणि इतकी वर्षं सगळे मेंढरांसारखे..."

बाहेर संजीवकाकांची खुर्ची करकरली.

मॅडम उठल्या. दूध तापून निवत आलं होतं, वर साय धरली होती. त्यांनी कपाटातून सुरी काढली, तिचं सपाट पातं सायीखाली सरकवलं आणि हळूच उचललं. साय पात्यावर आली आणि मधोमध तिला एक घडी पडली.

"घडी न पाडता उचल," त्या म्हणाल्या.

शिवांगीनं उचलून बघितली. तिचीही पडली. दुसऱ्या बाजूनं उचलली, तिथंही पडली.

"मी रोज हेच करते," मॅडम म्हणाल्या. "कोमट पाण्यावर काप तरंगतो, तो काचेवर घ्यायचा. अजूनही एखादा चुरगळतो. आम्ही तो टाकून देतो, दुसरा घेतो. तिथं दुसरा नव्हता. ज्यानं चित्र काढलं, त्यानं विचारलं असेल सरांना, की सर, ही रेघ कसली? आणि सर म्हणाले असतील, दिसतं ते काढा. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर सोडून दिलं असतं. ज्याला वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी डोळ्यांत बघून म्हटलंय की दिसतं ते काढ, तो नाही सोडत."

शिवांगीचा राग सायीच्या गोळ्यासारखा पात्यावर तसाच राहिला. तिनं कागद फाडला आणि नवीन घेतला.

हात ऐकेना. डोकं म्हणे नको, आणि पेन्सिल डाव्या खांद्याशी आली की आपोआप खाली उतरे. किती कागद गेले कुणास ठाऊक. ज्या रेघेसाठी पाच वर्षं मार्क मिळाले ती हातातून काढायची म्हणजे हाताची समजूत घालायची होती. शेवटच्या शनिवारी, इंटरव्ह्यू दोन दिवसांवर आलेला असताना, ती रेघ पुन्हा उमटली आणि शिवांगी टेबलावर डोकं टेकून रडली.

"नाही होत, मॅडम. मी टेस्टिंगच करते."

 मॅडमनी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिच्या बोटांतली पेन्सिल काढून घेतली.

डाव्या हातात.

कागद टेबलावर सरळ होता. तो त्यांनी फिरवला नाही. घंटेची कड एका दमात आली, आजोळी जाणारी वाट चालावी तशी, न बघता. तारे पडले. आणि खालच्या भागात त्या उलट्या रेघा एकामागून एक सरळ उतरत गेल्या. शिवांगीनं लॅबच्या दाराशी, कूलरच्या वर, काचेमागे पाहिलेल्या त्याच रेघा. तिच्या साऱ्या बॅचनं कागद फिरवून फिरवून ज्यांची नक्कल केली त्या रेघा इथं जन्माला येत होत्या, एका हाताच्या साध्या सवयीतून.

पेन्सिल डाव्या खांद्याशी आली. थांबली.  मॅडमनी ती उचलून पलीकडे टेकवली.

"अशी," त्या म्हणाल्या. "तिथं आलं की उचलायची."

"मॅडम, ते चित्र..."

"सोमवारी ट्रेन कितीची आहे तुझी?"

"पण त्याच्याखाली नाव का नाही?"

मॅडमनी पेन्सिल डब्यात ठेवली. "कागद मोठा होता, फ्रेम लहान," त्या म्हणाल्या. "कापला असेल कुणी. भाजी घेऊन जा घरी, जास्त झालीय."

संजीवकाका तिला गाडीतून घरी सोडायला निघाले. एडिसनच्या सिग्नलला तिनं विचारलं, "काका, मॅडम डावखुऱ्या आहेत?"

"चित्र काढायला फक्त. लिहिते उजव्यानं. शाळेत गुरुजींनी पट्टी मारून मारून लिहिणं उजव्या हातात घातलं. चित्राला कुणी मार्क देत नव्हतं, तर ते राहिलं डावीकडे." सिग्नल हिरवा झाला. "पण इथं आल्यापासून तर मी तिला काढताना पाहिलं नव्हतं. आज दारातून पाहिलं."

"त्यांचं माहेरचं आडनाव काय?"

"मेश्राम. काऊन? परत माहेरी पाठवतेस का तिला?"

इंटरव्ह्यू झाला. मधे काही आठवडे गेले, अनीशनं टेस्टिंगच्या कोर्सची माहिती काढून ठेवली, आणि एका सकाळी ईमेल आली. शिवांगीनं ती अनीशला दाखवली, आईला नागपूरला फोन केला आणि दुपारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन मॅडमचं दार वाजवलं.

"मिळालं?" दार उघडणाऱ्या संजीवकाकांनी तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "अगं सुमेधा, डॉक्टरीणबाई आल्या! आता आपली दाढ फुकट!"

मॅडम गॅसपाशी होत्या. दूध तापत होतं. त्यांनी शिवांगीला जवळ घेतलं, पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला आणि पुन्हा दुधाकडे वळल्या. "काय विचारलं?"

"घंटाच विचारली! पांढऱ्या केसांचे एक प्रोफेसर होते. कोरा कागद दिला, म्हणाले, ड्रॉ अँड टॉक. मी माझी पेन्सिल नेलीच होती. पट्ट्यापासून सगळं बोलत गेले, तुमच्यासारखं. हात खांद्याशी आला तेव्हा थांबला, मॅडम. खरंच थांबला. पण मी उचलला."

"बरं केलंस," मॅडम दुधाकडे बघत म्हणाल्या. आवाज बारीक होता. एका भिंतीवर आणि काही शे हातांमध्ये जी रेघ इतकी वर्षं जगली होती, ती त्यांनीच शिकवून एका हातातून पुसली होती, आणि ते योग्य झालं होतं.

"मग छटा भरायला मी कागद फिरवला. ते म्हणाले, व्हाय डू यू टर्न द पेपर?"

"अरे देवा," संजीवकाका म्हणाले.

"मी म्हटलं, ज्यांच्या चित्रावरून आम्ही शिकलो त्या डावखुऱ्या होत्या. आमच्या कॉलेजात सगळे असाच फिरवतात. ते इतके हसले! मग म्हणाले, कुणाचं चित्र, कुठं छापलंय? मी म्हटलं, छापलेलं नाही, भिंतीवर टांगलंय. आणि नाव सांगितलं."

दूध कडेनं फुगायला लागलं होतं.

"डॉक्टर सुमेधा मेश्राम. त्यांना नीट कळलं नाही, तर त्यांनी तोच कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, इथं लिही, चित्राखाली. तर मी लिहिलं, मॅडम. ठेवून घेतला त्यांनी तो."

संजीवकाकांच्या हातात पेढा तसाच राहिला. ते बायकोकडे बघत होते. हे नाव या घरात मोठ्यानं उच्चारलं जाऊन किती काळ झाला, ते त्यांनाच माहीत.

मॅडमनी पदर नव्हता म्हणून कुर्त्याच्या बाहीला हात पुसले. डावा आधी, मग उजवा. दूध वर येत होतं, भांड्याच्या काठाशी आलं होतं, आणि त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. शिवांगीनं धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा मागच्या अंगणाचं काचेचं दार सरकल्याचा आवाज आला. सुमेधा मेश्राम बाहेर गेल्या होत्या.